रस्त्याखालची सरहद्द

हेड्रियनची भिंत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येते. नॉर्थम्बरलंडमधले काळ्या खडकाचे कडे, त्यांच्या माथ्यावरून चढत-उतरत गेलेली दगडी भिंत आणि भोवती मेंढ्यांची कुरणे. दृश्य खरे आहे, सुंदरही आहे. पण रोमन साम्राज्याच्या या उत्तर सरहद्दीबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे नवे कळले, त्यातला मोठा वाटा या कड्यांवरून आलेला नाही. तो आला न्यूकॅसलच्या बायकर भागातल्या शील्ड्स रोडवरून, वॉलसेंडला पाडलेल्या कामगारवस्तीखालून आणि ग्लासगोशेजारच्या बेअर्सडेन नावाच्या उपनगरातून. जिथे पर्यटक फारसा फिरकत नाही, आणि जिथे उद्या-परवा पाया भरला जाणार असतो, अशा या जागा. हे पुस्तक त्या जागांचे आहे.

आधी सरहद्दीची ओळख करून घेऊ. इसवी सन १२२ मध्ये सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि त्याच सुमारास पूर्वेच्या टाइन नदीपासून पश्चिमेच्या सॉल्वे खाडीपर्यंत भिंतीचे काम सुरू झाले. लांबी ८० रोमन मैल, आजच्या हिशेबाने सुमारे ११७ किलोमीटर. बांधणारे तीन लीजनांचे सैनिक. दर रोमन मैलाला दरवाजा असलेली एक लहान चौकी, दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज, भिंतीच्या उत्तरेला खंदक, आणि दक्षिणेला मातीच्या दोन बांधांमधून जाणारा दुसरा खंदक, ज्याला अभ्यासक व्हॅलम म्हणतात. पश्चिमेकडचा भाग सुरुवातीला दगडाचा नव्हता. गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून तो उभा केला होता. काम चालू असतानाच बेत बदलला आणि भिंतीलगत मोठी लष्करी ठाणी आली. वीस वर्षांनी, १४२ च्या सुमारास, अँटोनायनस पायसच्या कारकिर्दीत सैन्य आणखी उत्तरेला सरकले आणि फोर्थ व क्लाइड या खाड्यांमध्ये सुमारे ६० किलोमीटरची दुसरी, मातीची भिंत उभी राहिली. तीही वीसेक वर्षांत सोडून सैन्य हेड्रियनच्या भिंतीवर परतले.

रोमन सत्ता गेल्यावर भिंत ही परिसराची दगडखाण झाली. चर्च, वाडे, गोठे, कुंपणे, सगळ्यांना तिचे घडीव दगड पुरले. सर्वांत मोठा घाव मात्र सरकारी होता. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात न्यूकॅसलमधली फौज रस्त्याअभावी कार्लाइलला वेळेवर पोहोचली नाही, म्हणून १७५० च्या दशकात लष्करी रस्ता बांधायला घेतला आणि त्यासाठी कित्येक मैल भिंत पाडून तिच्याच दगडांची खडी अंथरली. आज त्या रस्त्याने मोटारी धावतात आणि खाली भिंतीचा पाया आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूकॅसलचा टाउन क्लार्क जॉन क्लेटन याने भिंतीलगतच्या जमिनी स्वतःच्या पैशाने एकामागून एक विकत घेतल्या. मधल्या डोंगराळ भागातली भिंत आज पाहायला मिळते, त्याचे मोठे श्रेय या एका माणसाला आहे. पुढे खडीच्या खाणीचा धोका उभा राहिला तेव्हा लोकांनी इतका आवाज उठवला की १९३१ मध्ये स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा सुधारावा लागला. १९८७ मध्ये भिंत जागतिक वारसा यादीत गेली.

संरक्षणाचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. जे जपायचे ते खणायचे नाही, हा पुरातत्त्वाचा योग्यच नियम आहे, कारण उत्खनन म्हणजे एकदाच करता येणारे वाचन. वाचलेला थर परत जागेवर बसवता येत नाही. त्यामुळे कड्यांवरची भिंत सुरक्षित राहिली आणि तिच्याबद्दलचे बरेचसे प्रश्नही तसेच राहिले. शहराखालच्या भिंतीला ती निवांतता नव्हती. तिच्यावर घरे होतीच. ती पडणार, नवी येणार, जलवाहिन्या बदलणार. म्हणून जे खणायचे ते तिथेच, आणि बांधकामाच्या आधी.

याची सुरुवात वाटते त्यापेक्षा जुनी आहे. टाइनच्या मुखावरच्या साउथ शील्ड्समध्ये रोमन ठाण्याची जमीन घरांसाठी विकायला निघाली, तेव्हा १८७५ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिथे उत्खनन केले आणि मधला तुकडा वाचवून लोकांसाठी खुला केला. भोवती घरे उठत राहिली. १८७८ मध्ये याच परिसरात एक थडग्याचा दगड मिळाला. सिरियातल्या पालमायराहून आलेल्या बाराटेस नावाच्या माणसाने आपल्या बायकोसाठी तो कोरून घेतला होता. तिचे नाव रेजिना. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलौनी जमातीची, आधी त्याची दासी, मग मुक्त होऊन पत्नी. वारली तेव्हा वय ३०. शिल्पात ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर चाती आणि सूत, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. लॅटिन लेखाखाली नवऱ्याच्या मातृभाषेत, पालमायराच्या लिपीत, एक ओळ आहे : बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय. लॅटिन अक्षरे अवघडलेली, पालमायराची मात्र सफाईदार. सरहद्द म्हणजे दोन जगांना तोडणारी रेघ, असे मानणाऱ्याने हा दगड एकदा नीट पाहावा.

वॉलसेंडची कथा अधिक लांबलचक आहे. भिंतीच्या पूर्व टोकाचे सेगेडुनम हे ठाणे आधी शेतांखाली, मग कोळसाखाणीशेजारी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाण व जहाजगोदीतल्या कामगारांच्या घरांच्या रांगांखाली गेले. १९२९ मध्ये त्याची हद्द निश्चित करून नगरपालिकेने ती रस्त्यांवर पांढऱ्या फरशांनी आखली. लोक त्या फरशांवरून कामाला जात-येत. १९७० च्या दशकात घरे पाडली गेली आणि १९७५ ते १९८४ या काळात चार्ल्स डॅनियल्स यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ सबंध ठाणे उघडले गेले. रोमन साम्राज्यातल्या फार थोड्या ठाण्यांचा इतका पूर्ण आराखडा हाती आला आहे.

त्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. या ठाण्यावर पायदळ आणि घोडदळ असे मिश्र पथक होते. मग घोडे कुठे बांधत? वेगळ्या पागा असणार असे गृहीत धरून अभ्यासक त्या शोधत होते. १९९७-९८ मध्ये वॉलसेंडच्या बराकी पुन्हा बारकाईने तपासल्या गेल्या. प्रत्येक बराकीत जोडखोल्यांची रांग होती. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीच्या जमिनीत मधोमध एक लांबट खड्डा. खड्डा घोड्यांच्या मुतासाठी होता. मागे तीन स्वार झोपत, पुढे त्यांचे तीन घोडे. पागा आणि बराक एकच. जर्मनीतल्या ठाण्यांवरही असेच पुरावे आहेत. भिंतीच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात माणसे जनावरांच्या उबेला झोपत होती. हे कुठल्याही रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलेले नाही, कारण त्याला ते लिहिण्याजोगे वाटले नसणार. ते सांगितले जमिनीतल्या एका खड्ड्याने, आणि तो खड्डा ओळखायला मातीचा रंग वाचणारी नजर लागली.

बायकरचे खड्डे निराळे. २०००-०१ मध्ये शील्ड्स रोडवर नव्या इमारतीआधी उत्खनन झाले. भिंत आणि तिच्या उत्तरेचा खंदक यांच्यामध्ये काही पावलांची मोकळी पट्टी असते. ती रिकामीच असणार असे शंभर वर्षे समजले जात होते, म्हणून तिथे कोणी फारसे खणलेच नव्हते. तिथे खड्ड्यांच्या तीन रांगा निघाल्या, एका रांगेतला खड्डा दुसरीतल्या दोन खड्ड्यांच्या फटीसमोर येईल अशा एकाआड एक. खड्ड्यांत जाड खुंट रोवल्याच्या खुणा होत्या. टोके तासलेल्या, एकमेकींत अडकवलेल्या फांद्यांचे ते दाट काटेरी कुंपण असावे. सीझरने इसवी सनापूर्वी ५२ मध्ये अलेसियाच्या वेढ्यात असेच अडथळे वापरले होते आणि त्यांचे वर्णन स्वतः लिहून ठेवले होते. पुढे न्यूकॅसलच्या पश्चिमेला थ्रॉकलीपाशीही तसेच खड्डे मिळाले.

या खड्ड्यांमुळे एक जुना वाद नव्याने मांडावा लागला. भिंत लढण्यासाठी नव्हतीच. ती ये-जा नोंदवण्याची, जकात घेण्याची, फार तर गुरे चोरणाऱ्यांना रोखण्याची सोय होती, असे मत बरीच वर्षे जोरात होते. पण नुसती ये-जा नोंदवणारा भिंतीपुढे तीन रांगांचे काटेरी अडथळे कशाला उभारील? खंदक ओलांडून कोणी चालून येईल अशी भीती बांधणाऱ्यांना होती, हे आता नाकारता येणे कठीण आहे. भिंतीने दोन्ही कामे केली असतील. तरी भीतीचा भाग हिशेबात धरल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही, असे माझे मत झाले आहे.

ती भीती कोणाची होती, याचे उत्तर भिंतीच्या खाली आणि बाहेर मिळाले. डेंटन, थ्रॉकली, वॉलसेंड अशा ठिकाणी भिंतीच्या किंवा ठाण्याच्या खालच्या मातीत नांगराचे तास आढळले. वॉलसेंडला तर ठाण्याच्या पायाखाली सरी-वरंबे शाबूत होते, म्हणजे ते शेत पडीक होऊन फार काळ लोटला नव्हता. सैन्य ओसाड माळावर आले नाही. कोणाच्या तरी वाहितीच्या जमिनीवर आले. पुढे न्यूकॅसलच्या उत्तरेला ग्रेट पार्क ही मोठी गृहवसाहत आखली गेली आणि जवळपास उघड्या कोळसाखाणीही यायच्या होत्या. त्याआधीच्या उत्खननांत ब्रंटन, ब्लॅग्डन पार्क अशा ठिकाणी लोहयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली : मोठी गोल घरे, भोवती खंदक, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी दुरुस्त होत आलेली. जमिनीवरून पाहता तिथे काहीही नव्हते. रेडिओकार्बन कालमापनातून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा की भिंत बांधल्यानंतर थोड्याच काळात या वस्त्या उठल्या. शेकडो वर्षे नांदती शिवारे एका पिढीत रिकामी झाली. त्यांना हाकलले, की दक्षिणेचे बाजार, सोयरिकी आणि चराऊ राने तुटल्याने ती आपोआप मोडली, हे माती सांगत नाही. पण भिंतीची किंमत उत्तरेकडच्या लोकांनी मोजली, एवढे तिने सांगितले. २०१२ मध्ये हे संशोधन पुस्तकरूपाने आले, आणि भिंतीवरच्या लिखाणात तेव्हापासून सैनिकाइतकाच शेतकरीही दिसू लागला.

बेअर्सडेनचे काम अँटोनायनसच्या भिंतीवरचे. तिथल्या ठाण्यावर व्हिक्टोरियाकालीन बंगले होते. ते पाडून फ्लॅट उभे राहायचे होते, म्हणून १९७३ ते १९८२ या काळात डेव्हिड ब्रीझ यांनी उत्खनन केले. स्नानगृह इतके चांगले निघाले की ते तसेच राखले गेले आणि आज इमारतींच्या शेजारी उघड्यावर पाहता येते. पण खरे धन निघाले खंदकात. शौचकूपाची घाण शेजारच्या खंदकात जात होती आणि ओलसर मातीत ती टिकून राहिली होती. प्रयोगशाळेत तिच्यातून गव्हाचा कोंडा, अंजिराच्या बिया, धने, खसखस, रासबेरीसारखी रानफळे आणि धान्यातले किडे वेगळे काढता आले. जंतांची अंडीही. कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी आढळले, यावरून सैनिकांचे रोजचे खाणे मुख्यतः धान्याचे असावे असे अनुमान निघाले. स्कॉटलंडच्या पावसात पहारा देणाऱ्या माणसाच्या पोटात भूमध्य समुद्राकडून आलेले अंजीर होते आणि जंतही होते. रोमन सैनिक म्हटल्यावर शिरस्त्राण आणि ढाल आठवणाऱ्या आपल्याला हा माणूस एकदम जवळचा होतो.

सरहद्द भिंतीपुरती नव्हती. ऱ्हाइनवर नदीच सरहद्द होती. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या पश्चिमेला लाइडशे राइन ही हजारो घरांची वसाहत उभी राहताना रोमन रस्ता, लाकडी टेहळणी मनोरे आणि गाळात रुतलेली जहाजे निघाली. १९९७ मध्ये आढळलेली, २००३ मध्ये वर काढलेली एक नाव २५ मीटर लांब आणि जेमतेम पावणेतीन मीटर रुंद आहे. तिच्यासाठी झाड १४८ च्या सुमारास तोडले होते. तिच्यात नाखव्याची खोली आणि त्याची हत्यारे जशीच्या तशी होती. आज ती नाव त्याच वसाहतीतल्या संग्रहालयात आहे.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्याचे संदर्भ वारंवार येतील. आधी जुने नकाशे आणि आधीच्या नोंदी तपासतात. मग जमिनीला हात न लावता उपकरणांनी पाहणी, मग ठरावीक अंतरावर चाचणी चर. काही आढळले तर यंत्राला दात नसलेले सपाट बकेट लावून वरचा थर हलक्या हाताने काढतात आणि तिथून पुढे गवंड्याच्या थापीसारखी छोटी थापी. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक खड्ड्याचा अर्धा भाग आधी, छेद रेखाटल्यावर उरलेला. माती पोत्यांत भरून पाण्यात धुतात, म्हणजे जळके दाणे तरंगून वर येतात. आणि हे सगळे ठरलेल्या तारखेच्या आत, कारण नंतर काँक्रीट येणार असते. रोजच्या चिखलात वाकून काम करणारी ही माणसे सहसा प्रकाशात येत नाहीत.

पैसा कोण देतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्वी सरकारी अनुदान, विद्यापीठे आणि हौशी मंडळींच्या बळावर जमेल तेवढे वाचवले जाई. लंडनमध्ये १९८९ साली शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष बांधकामात आढळले आणि मोठे वादळ उठले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये नियोजनाचे नवे मार्गदर्शक धोरण आले : अवशेष शक्यतो जागेवर जपा, ते शक्य नसेल तर बांधकाम करणाऱ्याने आपल्या खर्चाने आधी उत्खनन करून नोंद करावी. १९९२ मध्ये माल्टातल्या व्हॅलेटा इथे युरोपीय देशांच्या करारात हेच तत्त्व आले. बायकर आणि ब्रंटनचे काम या बदलाचे फळ आहे. २०२१ मध्ये न्यूकॅसलच्या वेस्ट रोडवर जलवाहिनीच्या कामात भिंतीचा तीनेक मीटरचा तुकडा लागला, तेव्हा पाणी कंपनीने वाहिनीची दिशाच थोडी वळवली. तीस वर्षांपूर्वी असे घडलेच असते, याची खात्री देता येत नाही.

या व्यवस्थेचे दोषही लिहिले पाहिजेत. बांधकामाचा आराखडा जिथे संपतो तिथे चरही संपतो, मग प्रश्न अर्धा राहिला तरी. शिवाय उत्खनन झाले म्हणजे ज्ञान झाले असे होत नाही. अहवाल छापला जावा लागतो. वॉलसेंडचे डॅनियल्स यांचे काम १९८४ मध्ये संपले, ते १९९६ मध्ये वारले, आणि सविस्तर अहवाल इतरांनी पूर्ण करून प्रसिद्ध झाला २०१६ मध्ये. बेअर्सडेनचा अंतिम अहवालही २०१६ चाच, उत्खनन थांबल्यानंतर ३४ वर्षांनी. या दोन्ही अहवालांपाठी चिकाटीने उभ्या राहिलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. तरी इतका उशीर हा तोटाच आहे. जागा तर गेलेली असते. नोंदवह्याही पेटीत राहिल्या तर तिथे काहीच उरत नाही.

मराठी वाचकाला रोम तसा परका नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आपल्या संग्रहालयात आहे, आणि तेर, नेवासे इथे रोमन व्यापाराच्या खुणा निघाल्या आहेत. बांधकामाआधीचे उत्खननही भारताला नवे नाही. नागार्जुनसागर धरणाआधी, १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे खणले गेले आणि महत्त्वाची स्मारके उंचावर हलवली गेली. पण तो मोठ्या धरणाचा प्रसंग होता. आपला कायदा घोषित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण घालतो. घोषित नसलेल्या जागेवर पाया खणण्याआधी मातीत काय आहे ते पाहण्याची सर्वसाधारण सक्ती त्यात नाही. आपली जुनी शहरे आणि पांढरीची टेकाडे नेमकी अशा अघोषित जागांत मोडतात. मला हे अपुरे वाटते. बायकरचे खड्डे कोणत्याही घोषित अवशेषासारखे दिसत नव्हते.

पुस्तकातली प्रकरणे वाचताना जागेचा नकाशा जवळ ठेवा. खड्डे, चर आणि छेद यांची रेखाटने घाईने उलटू नका, कारण पुरावा तिथेच आहे. आणि वाचकांपैकी जे अभियंते, ठेकेदार, वास्तुविशारद किंवा नगरसेवक असतील त्यांना एक विनंती. खोदकामात खापरांचा थर, जुन्या विटा किंवा राखेचे पट्टे दिसले तर यंत्र थांबवा, मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढा, खोली लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. काँक्रीट पडण्याआधी कळवा.